प्रतीक्षेचा वीजखर्च : घरगुती दूरचित्रवाणी-मुद्रणाच्या साधनांचा इतिहास, कोंढा (जि. भंडारा) या गावाच्या संदर्भात

प्रक्षेपणाचा इतिहास बहुधा प्रक्षेपकाच्या बाजूने लिहिला जातो. केंद्र कोणत्या साली स्थापन झाले, मनोरा किती उंच होता, उपग्रह केव्हा अवकाशात गेला, या गोष्टींची नोंद काळजीपूर्वक होते. परंतु ज्या घरात ते प्रक्षेपण पोहोचले त्या घराला ते ठरलेल्या वेळी पाहणे शक्य होते किंवा नाही, आणि शक्य नसल्यास ते राखून ठेवण्याचे कोणते साधन त्याच्या आवाक्यात होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात दुसऱ्या बाजूचा हा इतिहास मांडावयाचा आहे. ग्रहण केलेले प्रक्षेपण साठविणारा व घरातील निरनिराळ्या पडद्यांना पुरविणारा, अहोरात्र चालू राहणारा लहान संगणक हा त्याचा मध्यवर्ती विषय होय. व्यवहारात त्यास सर्व्हर म्हणतात. अशा संगणकासाठी कमी वीज लागणारी यंत्रसामग्री निवडण्याचा प्रश्न वरवर पाहता केवळ हौशी तंत्रज्ञाचा वाटतो. त्यामागे मात्र वीज, वेळ आणि स्मृती यांच्या परस्परसंबंधाचा सत्तर वर्षांचा इतिहास आहे.

कोंढा हे भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील गाव. शेजारच्या कोसरा या गावासह कोंढा-कोसरा असे त्याचे जोडनाव प्रचलित आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा प्रदेश धानाचा, माजी मालगुजारी तलावांचा आणि झाडीपट्टी रंगभूमीचा. विवेचनासाठी हे गाव निवडण्याचे कारण त्याचे वेगळेपण हे नव्हे. शहरातील घर गृहीत धरून तयार झालेले तंत्र शेतीच्या दिनक्रमात व अनिश्चित वीजपुरवठ्यात आणून ठेवले असता त्याचा अर्थ कसा पालटतो, हे अशा गावाच्या संदर्भात स्पष्टपणे दिसते.

१. नियत वेळेचे बंधन

प्रक्षेपणाचा मूळ स्वभाव क्षणभंगुर होय. ठरलेल्या वेळी जो यंत्रासमोर असेल त्यालाच ते लाभते. १९५६ साली पुणे आकाशवाणी केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रसिद्ध प्रयोग केला. तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठी जिल्ह्यांतील दीडशे गावांत मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोन वेळा, दहा आठवडे, सभासद ठरलेल्या घटकेला एकत्र जमून कार्यक्रम ऐकत व त्यावर चर्चा करीत. भंडारा जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेशात होता. १९४८ साली सुरू झालेले नागपूर केंद्र त्याला जवळचे. पुण्याच्या प्रयोगाचे यश चर्चेच्या पद्धतीत होते हे खरेच. तथापि त्याची पूर्वअट ही होती की, माणसांनी आपला वेळ प्रक्षेपणाच्या वेळेशी जुळवून घ्यावा. कार्यक्रम थांबू शकत नव्हता. म्हणून माणसांना जमावे लागत होते.

दूरचित्रवाणीनेही हीच अट पुढे चालविली. दिल्लीच्या परिसरातील ऐंशी गावांसाठी २६ जानेवारी १९६७ रोजी 'कृषिदर्शन' सुरू झाले. मुंबई केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७५-७६ च्या उपग्रह-शिक्षण प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे चोवीसशे गावांना थेट उपग्रहावरून चित्र मिळाले. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पुढे इन्सॅट योजनेत ग्रामीण प्रक्षेपणासाठी पुन्हा सहा राज्यांतील जिल्हासमूह निवडले गेले, तेव्हा महाराष्ट्रातून नागपूर, भंडारा व चंद्रपूर हे जिल्हे त्यांत आले. पहिला उपग्रह इन्सॅट-१ए १९८२ सालीच निकामी झाला. ऑगस्ट १९८३ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-१बी ने ही योजना प्रत्यक्षात आणली. सामूहिक संचासमोर जमण्याची प्रथा अशा रीतीने या जिल्ह्यातही आली.

परंतु धानाच्या प्रदेशाचे वेळापत्रक प्रक्षेपणाच्या वेळापत्रकाशी जुळणारे नव्हते. रोवणीच्या दिवसांत सारे घर चिखलात असते. कृषिपंपांना वीज आळीपाळीने दिवसा व रात्री मिळू लागल्यापासून पाणी देणाऱ्याची रात्र बांधावर जाते. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत झाडीपट्टीची नाटके सुरू होतात आणि ती पहाटेपर्यंत चालतात. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी दूरचित्रवाणीवर वर्ग सुरू केले, त्यांतही अडचण हीच होती: ज्याला घरी राहून शिकण्याची गरज सर्वाधिक, तो प्रक्षेपणाच्या वेळी कामावर असण्याचा संभवही सर्वाधिक. तेव्हा प्रक्षेपण राखून ठेवण्याची गरज चैनीच्या प्रेक्षकापेक्षा कष्टकऱ्यालाच अधिक होती.

२. फीत आणि घड्याळ

चित्राचे चुंबकीय मुद्रण व्यवहार्य झाले ते १९५६ साली, अमेरिकेतील अँपेक्स कंपनीच्या यंत्रामुळे. निर्वात नलिकांनी भरलेले, दोन इंच रुंद फितीवर चालणारे व पन्नास हजार डॉलर किमतीचे हे यंत्र केवळ प्रक्षेपणसंस्थांनाच परवडणारे होते. घरात मुद्रण आले ते १९७५ च्या बीटामॅक्समुळे व १९७६ च्या व्हीएचएसमुळे. भारतात १९८२ नंतर रंगीत दूरचित्रवाणीबरोबर व्हिडिओ आला. ग्रामीण भागात त्याचा उपयोग मुख्यतः भाड्याने आणलेल्या फितीवरील चित्रपट रात्रभर सामूहिकपणे पाहण्यासाठी झाला. मुद्रण करण्याची त्याची शक्ती बव्हंशी पडून राहिली.

याचे एक कारण किंमत हे होते. दुसरे कारण वीजपुरवठ्याचे होते. फितीचे यंत्र चालू असता साधारण २० ते ४० वॅट वीज घेई, आणि ही काही मोठी मागणी नव्हे. ठरलेल्या वेळी आपोआप मुद्रण सुरू करावयाचे तर मात्र त्यातील घड्याळ सतत चालू राहिले पाहिजे. वीज गेली की अनेक संचांतील घड्याळ शून्यावर येई, व त्याबरोबर नेमून दिलेले कामही पुसले जाई. म्हणजे यंत्राची खरी परीक्षा मुद्रणाच्या एका तासात होत नसून त्यापूर्वीच्या तेवीस तासांच्या प्रतीक्षेत होत होती. मुद्रणयंत्र हे मूलतः वाट पाहणारे यंत्र होय. त्याच्या पुढील सर्व इतिहासाचा अर्थ या एका विधानावरून लावता येतो.

३. चकती आणि अखंड जागरण

मार्च १९९९ मध्ये अमेरिकेत टिव्हो हा संच विक्रीस आला. त्यात फितीऐवजी संगणकाची चकती, म्हणजे हार्ड डिस्क, होती. त्याची अंतर्गत रचना विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. त्यातील प्रोसेसर केवळ ५४ मेगाहर्ट्झ वेगाचा होता. त्या काळच्या घरगुती संगणकाच्या तुलनेत तो अगदीच दुबळा. तरीही तो पुरेसा ठरला. कारण चित्राचे संक्षेपण करण्याचे अवघड काम एका स्वतंत्र, त्याच कामासाठी घडविलेल्या चकतीबाह्य परिपथाकडे सोपविलेले होते, आणि प्रोसेसरकडे उरले होते ते केवळ वेळापत्रक सांभाळण्याचे व माहिती लिहिण्याचे काम. अल्प शक्तीच्या यंत्राने मोठे काम कसे होते, याचे उत्तर येथेच मिळाले: काम योग्य अवयवाकडे वाटून दिल्याने.

परंतु टिव्होने दुसरीही एक सवय रूढ केली. चालू कार्यक्रम मध्येच थांबवता यावा म्हणून हा संच अखंड मुद्रण करीत राही; झोप त्याला ठाऊकच नव्हती. ही सवय पुढे केबलच्या संचांत उतरली. अमेरिकेतील नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिलने २०११ साली दाखवून दिले की, मुद्रण करणारा एक संच व त्याच्या जोडीचा एक साधा संच मिळून वर्षाला सुमारे ४४६ युनिट वीज घेतात. हा खर्च नव्या कार्यक्षम शीतकपाटाहून अधिक होता, आणि त्यातील फार मोठा भाग कोणीही काही पाहत नसताना होत होता. त्यापूर्वी, १९९९ सालीच, आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने स्वस्थ अवस्थेतील उपकरणाने एका वॅटहून अधिक वीज घेऊ नये अशी भूमिका मांडली होती. प्रतीक्षेलाही किंमत असते, ही जाणीव येथून सुरू झाली.

भारतात टाटा स्कायने २००८ साली मुद्रण करणारा संच आणला. तो मासिक वर्गणीशी बांधलेला होता, आणि साठविलेला कार्यक्रम त्या संचाबाहेर नेण्याची मुभा नव्हती. याउलट दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस ही विनावर्गणी सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली होती. पुढे ती फ्री डिश या नावाने ओळखली जाऊ लागली. गावोगावी घरांवर जी 'छत्री' दिसू लागली, तिचा प्रसार या सेवेने पुष्कळ वाढविला. २०२२ पर्यंत दूरदर्शनचे बहुतेक जुने भूप्रक्षेपक बंद झाले, आणि विनामूल्य प्रक्षेपणासाठी छत्री हेच खेड्यातील मुख्य साधन उरले.

४. निवडीचा प्रश्न

घरच्या संगणकाचाच मुद्रणसंच करण्याची चळवळ २००२ च्या सुमारास सुरू झाली. मिथटीव्ही ही मुक्त संगणकप्रणाली त्या साली निर्माण झाली. पुढे टीव्हीहेडएंडसारख्या हलक्या प्रणाली आल्या. आरंभी बहुतेकांनी घरात पडून असलेला जुना संगणक या कामास लावला. यात काटकसर दिसत होती. परंतु हिशेब केला असता ती फसवी ठरते. पेंटियम-४ च्या काळातील संगणक काही काम नसतानाही साठ वॅट किंवा त्याहून अधिक वीज घेत असे. साठ वॅट अहोरात्र म्हणजे महिन्याला सुमारे ४३ युनिट. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या शंभर युनिटांचा टप्पा स्वस्त व त्यापुढचा महाग असतो. ज्या घराचा सर्व वापर या पहिल्या टप्प्यात बसतो, त्या घराचा जवळजवळ निम्मा टप्पा असा फुकट मिळालेला संगणक एकटाच खाऊन टाकतो. तेच काम आठ वॅटमध्ये झाले तर महिन्याला सहा युनिटही होत नाहीत.

आठ वॅटमध्ये हे काम होऊ शकते काय? याचे उत्तर प्रक्षेपणाच्या बदललेल्या स्वरूपात आहे. जुने प्रक्षेपण अनुरूप पद्धतीचे होते. ते साठविण्यापूर्वी घरीच त्याचे अंकीकरण व संक्षेपण करावे लागे. उपग्रहावरून येणारे अंकीय प्रक्षेपण केंद्रातच संक्षिप्त होऊन निघते. ग्राहकाच्या यंत्राला ते नुसते उचलून चकतीवर लिहावयाचे असते. सेकंदाला चाळीस लाख बिट या वेगाचा प्रवाह धरल्यास तासाभराचा कार्यक्रम सुमारे १.८ गिगाबाइट होतो. हा लेखनवेग कोणत्याही चकतीला क्षुल्लक आहे. शिवाय एकाच ट्रान्सपाँडरवरील अनेक वाहिन्या एकाच ग्राहक-परिपथाने एकदम साठविता येतात. मुद्रणाचे काम असे हलके झाले असता त्यासाठी बलवान प्रोसेसर ठेवणे म्हणजे पाटाचे दार उघडण्यासाठी पंप बसविण्यासारखे आहे.

तथापि 'कमी विजेचा प्रोसेसर' आणि 'कमी विजेचे यंत्र' या दोन भिन्न गोष्टी होत. या भेदाचे उत्तम उदाहरण २००८ सालच्या इंटेल ॲटममध्ये सापडते. त्या मालिकेतील एका प्रोसेसरची मर्यादा केवळ चार वॅटची होती. परंतु त्याच्या सोबतीला दिलेला जुन्या घडणीचा चिपसेट एकटाच बावीस वॅटपर्यंत जाई. जाहिरात चार वॅटची होई, वीजबिल मात्र संपूर्ण यंत्राचे येई. असाच धोका वीजपुरवठा करणाऱ्या पेटीत असतो. चारशे वॅटसाठी घडविलेली पेटी दहा-पंधरा वॅटच्या भारावर अत्यंत अकार्यक्षम चालते. म्हणून मोजमाप नेहमी भिंतीवरील खटक्यापाशी, सर्व अवयव जोडून, व विशेषतः यंत्र स्वस्थ असताना केले पाहिजे.

फेब्रुवारी २०१२ मध्ये इंग्लंडात रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक निघाला, तेव्हा प्रश्न सुटला असे अनेकांस वाटले. त्याचा वीजखर्च दोन-तीन वॅटचा होता. परंतु त्यात यूएसबी व नेटवर्क यांची वाट एकच होती. मुद्रण व प्रसारण एकाच वेळी सुरू झाले की तिच्यावर दाटी होई. चकतीला लागणारा प्रवाह त्याच्या यूएसबीतून पुरत नसे, आणि सतत लेखनाने त्यातील कार्ड झिजत असे. २०१९ च्या चौथ्या आवृत्तीत या दोन वाटा वेगळ्या झाल्या. पुढे २०२३ साली सहा वॅट मर्यादेचा इंटेल एन-१०० आला. त्यात चित्राचे रूपांतर करणारा स्वतंत्र परिपथ असल्याने, साठविलेला कार्यक्रम मोबाइलसारख्या लहान पडद्यास योग्य करून देण्याचे कामही थोड्या विजेत होऊ लागले. टिव्होचे १९९९ चे तत्त्व येथे पुन्हा प्रत्ययास येते. अवजड काम त्याच कामासाठी घडविलेल्या अवयवाने करावे, हेच ते तत्त्व.

चकतीची निवडही तितकीच महत्त्वाची. मेजावरील संगणकाची साडेतीन इंची चकती फिरत असता चार ते सहा वॅट घेते व सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट. अडीच इंची चकती एक-दोन वॅटमध्ये भागवते. छत्रीच्या टोकावरील एलएनबीलाही ग्राहकयंत्राकडूनच १३ किंवा १८ व्होल्टचा पुरवठा जातो. तो हिशेबात धरण्याचे अनेक जण विसरतात. हे सर्व धरून आठ-नऊ वॅटचे यंत्र आज उभे राहू शकते. त्याला पंखा लागत नाही, ही बाब विदर्भाच्या उन्हाळ्यात व मळणीच्या धुळीत लहान नव्हे. कारण बंद पडणाऱ्या संगणकांत पंखा हाच प्रथम निकामी होणारा अवयव असतो.

५. पुरवठ्याची अनिश्चितता

येथपर्यंतचा विचार काटकसरीचा झाला. पुण्यामुंबईच्या घरात तो तेथेच संपतो. कोंढ्यात संपत नाही. कोराडीचे औष्णिक केंद्र १९७४ पासून वीज निर्माण करीत आले, पुढे तिरोडा व मौदा येथेही मोठी केंद्रे झाली. असे असूनही २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्याच्या इतर ग्रामीण भागांप्रमाणे विदर्भातील खेड्यांनीही दिवसाचे अनेक तास भारनियमन सोसले. गावठाणाच्या व शेतीच्या वाहिन्या वेगळ्या करणे, संध्याकाळी पंप स्वेच्छेने बंद ठेवणाऱ्या गावांना अखंड प्रकाश देणारी 'अक्षय प्रकाश' योजना, असे उपाय त्या काळात योजले गेले. भारनियमन पुढे कमी झाले. वादळात तार तुटणे व दुरुस्तीसाठी पुरवठा बंद राहणे मात्र खेड्याच्या वाट्याला आजही अधिक येते.

अशा ठिकाणी वॅटचा अर्थ बदलतो. बारा व्होल्ट व सात अँपिअर-तासांच्या लहान बॅटरीत नाममात्र ८४ वॅट-तास ऊर्जा असते. प्रत्यक्षात त्यातील साठ मिळाली तरी पुष्कळ. आठ वॅटचे यंत्र तिच्यावर सात तास तग धरते. साठ वॅटचे यंत्र तासभरही टिकेलच असे नाही, कारण जलद उपसल्यास बॅटरी आणखी कमी ऊर्जा देते. म्हणजे वीज नसलेल्या संध्याकाळी पहिले यंत्र कार्यक्रम पूर्ण साठविते आणि दुसरे मध्येच बंद पडते. शहरात कमी वॅट म्हणजे थोडे बिल. कोंढ्यात कमी वॅट म्हणजे मुद्रण होणे किंवा न होणे.

या संदर्भात गावाजवळ एक जुना अनुभव आहेच. कृषिपंपाला बसविलेला 'ऑटो स्विच' वीज येताच, मालक बांधावर नसला तरी, पंप सुरू करतो. वाट पाहणारे यंत्र शेतकऱ्याला अपरिचित नव्हते. त्याचे दुष्परिणामही परिचित होते: वीज येताच शेकडो पंप एकदम सुरू झाले की रोहित्रावर ताण येई, आणि म्हणून वीज कंपनीस ऑटो स्विच काढून कपॅसिटर बसविण्याचे आवाहन वारंवार करावे लागले. मुद्रणाच्या संगणकातही वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय असते, आणि ती चालू ठेवणे आवश्यक असते. अन्यथा एका खंडानंतर यंत्र कोणी येऊन कळ दाबीपर्यंत मृतवत पडून राहते. येथेही परतलेल्या विजेचा पहिला झटका मोठा असतो. मध्ये बॅटरी असल्यास तो झटका यंत्रापर्यंत पोहोचत नाही, आणि चकतीवरील अर्धवट लिहिलेली नोंदही बिघडत नाही. तेव्हा बॅटरीवर दीर्घकाळ चालू शकेल इतके अल्पभार यंत्र निवडणे हाच सुरक्षिततेचाही पहिला उपाय ठरतो.

६. साठवणाचा हक्क

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न उरतो. त्याचे एक उत्तर कायद्यात आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९८४ मध्ये, घरी पाहण्याची वेळ बदलण्यासाठी केलेले मुद्रण न्याय्य ठरविले. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमातील ३९ वे कलम, स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी अथवा केवळ प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी प्रक्षेपणाचे मुद्रण करण्यास मोकळीक देते. म्हणजे कायद्याने दिलेला हा हक्क पूर्वीपासून आहे. तो बजावण्याचे साधन मात्र अखंड वीज असलेल्या घरापुरतेच मर्यादित होते.

दुसरे उत्तर इतिहासाच्या अभ्यासकास अधिक जवळचे वाटेल. प्रक्षेपणसंस्था आपले सर्व प्रक्षेपण जतन करतात ही समजूत खरी नाही. फीत महाग होती, म्हणून तीच फीत पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत जगातील अनेक संस्थांत होती. ब्रिटिश प्रक्षेपण महामंडळाने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत असे शेकडो कार्यक्रम गमावले. त्यांपैकी काहींचा केवळ आवाज आज उपलब्ध आहे, आणि तो सामान्य श्रोत्यांनी घरी करून ठेवलेल्या मुद्रणांमुळे. मराठीतही 'आमची माती आमची माणसं'सारख्या दीर्घकाळ चाललेल्या कार्यक्रमांत पिके, बोली, अवजारे व माणसे यांचा जो ऐवज येऊन गेला, त्याचे मोल त्या त्या दिवशी कोणास वाटले नसेल. एखाद्या तालुक्यातील घरात तो टिकला असता तर ग्रामीण समाजाच्या अभ्यासकाला तो शासकीय अहवालाइतकाच उपयोगी पडला असता.

७. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, मुद्रणयंत्राचा वीजखर्च हा मुख्यतः त्याच्या प्रतीक्षेचा खर्च आहे. म्हणून त्याची निवड कमाल शक्तीवरून न करता स्वस्थ अवस्थेतील मोजमापावरून केली पाहिजे. दुसरी, अल्प विजेत हे काम शक्य झाले ते केवळ प्रोसेसर सुधारल्यामुळे नव्हे. संक्षेपणाचा भार प्रथम स्वतंत्र परिपथाकडे व नंतर प्रक्षेपणकेंद्राकडे सरकल्यामुळे घरच्या यंत्राचे कामच हलके झाले. तिसरी, आणि इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, गोष्ट ही की, वीजपुरवठा अनिश्चित असलेल्या प्रदेशात अल्पवीज साधन ही काटकसर नसून प्रवेशाची अट आहे.

मालगुजारी तलावांच्या प्रदेशाला साठवणाचे महत्त्व नव्याने सांगावयास नको. पावसाचे पाणी पडते त्या दिवशी सर्वच लागत नाही. ते अडवून ठेवले तर धान पिकतो. प्रक्षेपणाच्या बाबतीत ही सोय खेड्याला प्रदीर्घ काळ नव्हती: आलेले निघून जात होते, आणि ते धरून ठेवण्याचे साधन शहरातील विजेवर जगत होते. १९५६ साली शेतकऱ्याने रेडिओच्या वेळेला हजर राहावे अशी अपेक्षा होती. आठ वॅटचे यंत्र लहान बॅटरीवर रात्रभराचे भारनियमन पार करू शकते, तेव्हा ही अपेक्षा उलट करता येते. रोवणी आटोपून, पाण्याची पाळी संपवून किंवा मंडईचे नाटक पाहून परतलेल्या माणसाच्या वेळेला कार्यक्रमाने हजर राहावे, हे आज कोंढ्यातही शक्य आहे.